स्विफ्टला एचआयडी किट बसवावं का? (रात्रीचा कोरेगाव–रहिमतपूर रस्ता)

कोरेगावकर

नमस्कार मंडळी. माझी २०१३ची स्विफ्ट आहे. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी, त्यामुळे गाळप सुरू झालं की दुसरी पाळी संपवून घरी यायला साडेबारा-एक वाजतात. रस्ता रहिमतपूरकडून कोरेगावला येणारा. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर, मधूनच बैलगाड्या, आणि मागं लाल दिवा नाही की रेडियम नाही. डिप्परवर चालवताना ट्रॉलीबाहेर आलेला ऊस दिसतो तोवर ब्रेकला जागा उरत नाही. अप्पर टाकावा तर समोरून कुणीतरी येत असतंच.

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ एका दुकानात चौकशी केली. ते म्हणतात, ३५ वॅटचं एचआयडी किट (हॅलोजनच्या जागी झेनॉनचे बल्ब) टाका, ६००० केल्विन, वायर कापावी लागत नाही, तासाभरात बसतं आणि उजेड तिप्पट पडतो. गाडीला एच४ बल्ब (अप्पर-डिप्पर एकाच बल्बात) आहे, साधा रिफ्लेक्टर, प्रोजेक्टर नाही. किट घ्यावं का, वायरिंगवर ताण येतो का, आणि पोलीस अडवतात का, एवढं जाणकारांनी सांगावं. घाई आहे, हंगाम मार्चपर्यंत चालेल.

घाटवाट

बिनधास्त टाका. माझ्या गाडीला आहे. पाटणहून चिपळूणला महिन्यातून जाणं असतं, कुंभार्ली उतरताना वळणावरचा कठडा लख्ख दिसतो. हॅलोजन म्हणजे कंदील वाटायला लागतो. फक्त बॅलास्ट, म्हणजे एचआयडी बल्ब पेटवणारा डबा, चांगल्या कंपनीचा घ्या, स्वस्तातला नको.

कराडचा_वायरमन

कोरेगावकर दादा, थांबा जरा. पैसे द्यायच्या आधी हे वाचा.

तुमच्या गाडीतला जुना एच४ बल्ब काढून हातात घ्या. काचेला बोट लावू नका, बुडाला धरा. आत दोन फिलामेंट दिसतील. पुढचं डिप्परचं, मागचं अप्परचं. डिप्परच्या फिलामेंटखाली एक छोटी धातूची वाटी आहे बघा. सगळी करामत त्या वाटीत आहे. ती खालच्या बाजूचा उजेड अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर उजेड पडतो आणि तिथून तो रस्त्याकडं खाली वळतो. वाटीची एक कड थोडी तिरकी कापलेली असते. म्हणून डाव्या अंगाला, साइडपट्टीकडं, उजेड जरा वर चढतो आणि उजवीकडं समोरच्याच्या डोळ्यांखाली राहतो. रिफ्लेक्टरचा प्रत्येक कंगोरा त्या फिलामेंटची जागा धरून बनवलाय. फिलामेंट मिलिमीटरभर जरी सरकलं तरी रस्त्यावरचा आकार बिघडतो.

आता एचआयडी बल्बात फिलामेंटच नसतं. काचेच्या छोट्या कुपीत झेनॉन वायू आणि धातूंचे क्षार असतात आणि दोन टोकांमध्ये ठिणगी कायम पेटलेली राहते. ती ठिणगी फिलामेंटपेक्षा जाड आणि मधे वर फुगलेली. तिचा सगळ्यात तेजस्वी भाग मधोमध नसतो, दोन्ही टोकांजवळ असतो. एच४ किटमध्ये अप्पर-डिप्परसाठी आतला अख्खा बल्ब छोट्या चुंबकानं पुढं-मागं सरकवतात. धूळ बसली, खड्ड्यात आदळला, की तो मधेच अडकतो. मग तुम्ही डिप्पर दिलाय असं समजून चालवता आणि समोरचा शिव्या देतो.

तिप्पट उजेड म्हणतात ते आकड्यानं खोटं नाही. एच४ डिप्परला साधारण १००० ल्युमेन (उजेडाचं माप) निघतात, अप्परला १६५०च्या आसपास. कंपनीच्या झेनॉन गाड्यांत जो डी२एस बल्ब असतो त्याचे ३२००. पण हा जादा उजेड तुमच्या रिफ्लेक्टरमधून रस्त्यावर जात नाही. निम्मा झाडांच्या शेंड्यांवर, समोरच्याच्या काचेत आणि तुमच्याच बॉनेटपुढच्या दोन-चार मीटरवर. जवळचा रस्ता पांढराफेक दिसतो म्हणून माणसाला वाटतं लई उजेड वाढला. ट्रॉली असते ७०-८० मीटरवर. जवळ लख्ख असलं की डोळ्याची बाहुली बारीक होते आणि लांबचं आणखी कमी दिसतं. घाटवाट भाऊंना कठडा दिसतो तो जवळचा आहे, तो दिसणारच.

६००० केल्विनचंही तेच. केल्विन म्हणजे रंग. ४३०० च्या आसपास उजेड सर्वांत जास्त मिळतो, कंपनीवाले तेच देतात. ६००० ला निळसर झाक येते आणि उजेड घटतो, ८००० ला आणखी. निळा दिसतो म्हणून भारी वाटतो, एवढंच. पावसात तर ओला डांबरी रस्ता आरशासारखा उजेड पुढं फेकून देतो, तुमच्याकडं परत काहीच येत नाही.

घाटवाट

वायरमन भाऊ, म्हणता ते कागदावर पटतं, पण मी रोज बघतो त्याचं काय? आणि कंपनीतूनच झेनॉन आलेल्या गाड्या आहेत की. त्या कुणाला आंधळं करत नाहीत का?

कराडचा_वायरमन

कंपनीचा झेनॉन म्हणजे नुसता बल्ब नव्हे. त्याला त्याच्यासाठीच बनवलेला दिवा असतो, बहुतेक प्रोजेक्टर. आत धातूचा पडदा, पुढं भिंग, त्यामुळे वरची रेघ सुरीनं कापल्यासारखी. रिफ्लेक्टरवाला झेनॉनही होता, पण त्याचा बल्ब वेगळा, डी२आर, त्याच्या काचेवर उजेड अडवायला काळे पट्टे रंगवलेले असतात. युरोपच्या नियमात २००० ल्युमेनच्या वरचा बल्ब असेल तर दिवा आपोआप वर-खाली होणारी यंत्रणा आणि काच धुणारा फवारा सक्तीचा आहे. मागं चार माणसं बसली की गाडीचं नाक वर होतं, म्हणून ते. काचेवर चिखल बसला की उजेड विस्कटतो, म्हणून फवारा. आपल्या किटमध्ये यातलं काय येतं?

मिरज_दृष्टी

मी मिरजेत डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते. रात्री गाडी चालवताना त्रास होतो अशी तक्रार घेऊन येणारे खूप असतात, आणि त्यातले बरेच जण पन्नाशीच्या पुढचे. त्यांच्या बाजूने लिहिते.

डोळ्यात थेट तीव्र उजेड गेला की पडदा पुन्हा अंधाराला सरावायला काही सेकंद लागतात. तरुण डोळ्याला कमी, वय वाढेल तसे जास्त. ताशी ६० ने जाणारी गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. तीन सेकंद दिसलं नाही तर पन्नास मीटर गाडी नुसती अंदाजाने चालते. मोतीबिंदू सुरू झालेला असेल तर डोळ्याच्या भिंगातच उजेड विखुरतो, समोर सगळी पांढरी धुकट होते, आणि दिव्याभोवती वलयं दिसतात. निळसर उजेडाचा त्रास पिवळसरपेक्षा जास्त वाटतो, हेही पेशंट नेहमी सांगतात. चष्म्यावर ओरखडे असतील, समोरची काच आतून धुरकट असेल तर भर पडते.

समोरून येणारा कोण आहे हे आपल्याला माहीत नसतं. दुधाचे कॅन घेऊन डेअरीला निघालेला सायकलवाला असेल, नातवाला दवाखान्यात नेणारे आजोबा असतील. कोरेगावकर, तुम्हाला ट्रॉली दिसावी म्हणून त्यांना रस्ता दिसेनासा होऊ नये, एवढं बघा.

आणि एक, तुमचा स्वतःचा नंबर शेवटचा कधी तपासलात? रात्री कमी दिसतं म्हणून दिवे बदलणाऱ्यांमध्ये थोडासा मायनस नंबर निघणारे असतात. आधी तो तपासा.

जुना_चालक

मी एसटीतून निवृत्त झालोय. मेढा, केळघर, महाबळेश्वर, पाचगणी, सगळे घाट रात्रीचे केलेत. मंडळींनी हायवेचा विचार करू नये. खंबाटकी एकेरी आहे, आमच्या वेळी पुण्याहून येताना घाटातून आणि जाताना बोगद्यातून जायचो, तिथं समोरून कोणी येत नाही. खरी परीक्षा पसरणी, यवतेश्वर, केळघर आणि गावाकडचे अरुंद रस्ते. पसरणीत वळणावर समोरचा प्रखर दिवा थेट काचेत आला की दरीची बाजू कुठली आणि डोंगराची कुठली तेच कळत नाही. अशा वेळी नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर ठेवायची, वेग कमी करायचा, आणि आपला अप्पर टाकून बदला घ्यायचा नाही. समोरचा वळणाआड असतानाच झाडांवर उजेड दिसतो, तेव्हाच डिप्पर द्यायचा. आम्हाला हे शिकवलेलं होतं आणि आम्ही पाळलं.

कोरेगावकर, तुमच्या रस्त्यावर वेग किती असतो? डिप्परचा उजेड जिथवर जातो तेवढ्यात गाडी थांबेल असा वेग हवा. ५० च्या वर हंगामात त्या रस्त्याला जाऊ नका. दिवे कितीही बदला, हे पहिलं.

माहुलीकर

कायद्याचं विचारलंत म्हणून. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०६ हेडलाइटच्या झोताबद्दल आहे. दिव्यापासून ८ मीटरवर, उजव्या अंगाला अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तिरीप बसता कामा नये, असा झोत खाली वळवलेला हवा. रिफ्लेक्टरमधलं एचआयडी या कसोटीत बसवणं अवघड आहे.

दुसरं, मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीत बदल करण्याबद्दल आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेला बदल मालकाने केला तर प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रस्त्यावर कोणी अडवो न अडवो, अपघात झाला तर पंचनाम्यात हे येतं आणि विमा कंपनीला हरकत घ्यायला जागा मिळते.

ट्रॉल्यांबद्दलही नियम आहे. नियम १०४ प्रमाणे ट्रेलरला मागे दोन्ही कडांना लाल रिफ्लेक्टर हवेतच. तुम्ही कारखान्यातलेच आहात, तर शेती विभागाला सांगा की वजनकाट्यावर आलेल्या ट्रॉलीला रेडियम नसेल तर तिथल्या तिथे चिकटवा. प्रत्येक ट्रॉली काट्यावरून जातेच, त्यामुळे एकही सुटत नाही. तुमच्या एका गाडीचे दिवे बदलण्यापेक्षा त्याने त्या रस्त्यावरच्या सगळ्यांचं भलं होईल.

कोरेगावकर

सगळ्यांचे आभार. किट रद्द. रेडियमचं शेती अधिकाऱ्यांशी बोललो. त्यांचं म्हणणं, पट्ट्या दरवर्षी वाटतात, पण ट्रॉलीच्या मागे ऊस लोंबतो आणि पट्टी झाकली जाते. वेग आणि डोळ्यांची तपासणी दोन्ही मनावर घेतो.

पण वायरमन भाऊ, मूळ अडचण राहिलीच. डिप्पर खरंच मिणमिणता आहे. पिवळट, मेणबत्तीवाणी. मग करायचं काय?

कराडचा_वायरमन

पट्टी झाकली जात असेल तर पत्र्याच्या हातभर फळीला लाल रेडियम लावा, दोन भोकं पाडा आणि तारेनं शेवटच्या मोळीच्या बाहेर टांगा. ऊस उतरवताना काढून साट्याला अडकवायची.

आता दिवे. दहा-बारा वर्षांच्या गाडीत तीन गोष्टी बघायच्या, याच क्रमानं.

आधी काच. ती काच नसून पॉलिकार्बोनेट असतं, उन्हानं पिवळं पडतं. हेडलाइट बंद ठेवून जवळून बघा, वरच्या भागात दुधी झाक आहे का. असेल तर ८०० चा पाणपेपर, मग १०००, मग २०००, पाणी मारत मारत, आणि शेवटी पॉलिश. वरून यूव्ही कोटिंग मारलं नाही तर थोड्या महिन्यांत परत पिवळी, ते विसरू नका. टूथपेस्टनं चमकते ती चार दिवस.

मग व्होल्टेज. इंजिन चालू, डिप्पर चालू, मल्टिमीटर आधी बॅटरीच्या टोकांना लावा, मग बल्बच्या होल्डरला मागून. दोन्ही आकडे इथं टाका. कंपनीची वायर बारीक असते, स्विचमधून फिरून येते, होल्डर जळून काळे पडतात. वाटेत व्होल्ट गळतात. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, लई झपाट्यानं होतो. ५ टक्के व्होल्ट कमी झाले तर उजेड १६ टक्के घटतो.

आणि शेवटी फोकस लावणं. ते आकडे आल्यावर सांगतो.

कोरेगावकर

आज दुपारी केलं. बॅटरीवर १४.०, होल्डरवर डाव्या बाजूला १२.३, उजव्या बाजूला १२.४. डाव्या होल्डरचं प्लास्टिक एका कोपऱ्यात तपकिरी झालंय. काच दुधी आहेच, उजवीची जास्त.

कराडचा_वायरमन

सापडलं की. एक पूर्णांक सात व्होल्ट वाटेत चाललेत. रिले हार्नेस टाका, म्हणजे दिव्यांसाठी वेगळं वायरिंग, त्यात रिले हा विजेवर चालणारा स्विच. बॅटरीवरून फ्यूज घेऊन जाड वायर, २.५ चौरस मिलिमीटरची, सरळ रिलेला, रिलेतून सिरॅमिक होल्डरला. गाडीची जुनी वायर फक्त रिले चालू-बंद करते, तिच्यावर भार राहत नाही. अप्परला एक रिले, डिप्परला एक. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच हवा, लांब नको, नाहीतर मधली वायर घासली तर जळून जाईल. काही गाड्यांत स्विच अर्थिंगच्या (बॅटरीच्या मायनसच्या) बाजूला असतो, म्हणून हार्नेस मागताना गाडीचं मॉडेल सांगून मागा. अर्थिंग रंगलेल्या पत्र्याला देऊ नका, रंग खरवडून द्या.

होल्डरवर १३.६ आले तर आत्ताच्यापेक्षा सुमारे ४० टक्के उजेड वाढेल. बल्ब ६०/५५ वॅटचाच ठेवा. १००/९० चा मागू नका, तोही नियमात बसत नाही आणि उष्णतेनं रिफ्लेक्टरचा मुलामा जातो. व्होल्टेज वाढल्यावर बल्बचं आयुष्य थोडं कमी होतं, डिकीत एक जादा ठेवा.

घाटवाट

मग मला एचआयडीच ठेवायचं असेल तर? काढून फेकून द्यायचं का? खर्च केलाय.

कुपवाड_गॅरेज

घाटवाट, तुमच्यासाठी रस्ता आहे, पण काम मोठं आहे. आम्ही कुपवाडला हेच करतो. हेडलाइट गाडीतून काढायचा, ओव्हनमध्ये हळू तापवायचा म्हणजे आतला ब्युटिल (काच चिकटवणारं रबरी सीलंट) मऊ होतो आणि काच सुटते, मग रिफ्लेक्टरमध्ये बाय-झेनॉन प्रोजेक्टर बसवायचा. त्यात ठिणगी तशीच पेटती राहते आणि अप्पर-डिप्परला फक्त आतला पडदा उघड-झाक होतो. परत बंद करताना नवा ब्युटिल भरला नाही तर पहिल्याच पावसाळ्यात आत पाणी धरतं.

घेताना एक बघाच. बाजारात येणारे बरेच प्रोजेक्टर उजव्या बाजूने वाहतूक असलेल्या देशांसाठी बनवलेले असतात. त्यांची रेघ उजवीकडे वर चढते. आपल्याकडे ती थेट समोरच्याच्या डोळ्यात. डावीकडे चढणारीच मागा आणि बसवायच्या आधी भिंतीवर लावून बघा. हे तंत्र नवं नाही, १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७ मालिकेत पहिल्यांदा झेनॉन आलं, पण आजही दिवा आणि बल्ब जोडीनेच चालतात.

बॅलास्ट पेटताना २० हजार व्होल्टच्या वर जातो. चालू असताना जोडाला हात नको. आणि दिवसा पास द्यायला एचआयडी वापरू नका, पूर्ण पेटायला काही सेकंद लागतात आणि सारखं पेटवून बल्ब लवकर जातो.

एवढं सगळं करूनही माहुलीकरांनी सांगितलेला कायद्याचा प्रश्न राहतोच. ते आम्ही गिऱ्हाइकाला आधी सांगतो.

घाटवाट

डावीकडे-उजवीकडेचं माहीत नव्हतं. भिंतीवर बघून सांगतो. एचआयडी सोडायची माझी तयारी अजून नाही, पण रिफ्लेक्टरमध्ये नको एवढं पटलं.

एलईडीप्रेमी

एलईडी बल्बबद्दल कोणीच बोललं नाही? एच४ मध्ये सरळ बसतात.

कराडचा_वायरमन

दुखणं तेच. चिप दोन बाजूंना असतात, फिलामेंट चारही बाजूंना उजेड देतं. शिवाय मागं पंखा आणि उष्णता काढायचा ठोकळा, त्यामुळं रबराची टोपी बसत नाही आणि धूळ-पाणी आत जातं.

कोरेगावकर

काम झालं. हार्नेस टाकला, होल्डरवर आता १३.५ आहेत दोन्हीकडे. काचा घासून कोटिंग केलं. कालची पाळी संपवून आलो, फरक डोळ्यांना दिसतो, डावीकडची साइडपट्टी लांबवर दिसते. फोकस कसा लावायचा ते राहिलं.

कराडचा_वायरमन

सपाट जागा आणि सपाट भिंत शोधा. टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हरच्या जागी माणूस बसलेला, डॅशबोर्डवरचा दिव्याचा झोत वर-खाली करायचा डायल शून्यावर. आधी गाडी भिंतीला चिकटवून दोन्ही दिव्यांच्या मध्याची उंची खडूनं आखा, उभ्या रेघाही काढा. मग सरळ मागं साडेसात मीटर, म्हणजे पंचवीस फूट या. डिप्पर टाका. वरची रेघ खडूच्या रेघेपेक्षा साडेसात सेंटिमीटर खाली हवी, म्हणजे दर दहा मीटरला दहा सेंटिमीटर उतार. काही गाड्यांच्या दिव्यावरच टक्का छापलेला असतो, तो असेल तर तो धरा. डावीकडं चढ जिथं सुरू होतो ती जागा उभ्या रेघेवर आणा. एक दिवा फडक्यानं झाका, दुसरा लावा, मग उलट. हॅलोजन दिव्याला कापड फार वेळ लावून ठेवू नका, पेट घेतं.

तासगाव_द्राक्ष

धागा वाचतोय, उपयोगी आहे. आमची पिकअप आहे. फेब्रुवारीपासून द्राक्षाचे क्रेट भरून रात्री निघतो, परत येताना रिकामी आणि सकाळ झालेली असते. भरली की समोरचे सारखे डिप्पर मारतात, आपला डिप्परच असतो तरी. डायल नाही गाडीला. बेदाण्याच्या शेडची मोठी भिंत आहे, तिथं लावू का फोकस? रिकामी असताना लावायचा की भरून?

कराडचा_वायरमन

भरूनच लावा. मागचे पाटे दबले की नाक वर होतं आणि डिप्परची रेघ थेट समोरच्याच्या काचेवर जाते, ते डिप्पर मारतात ते बरोबर आहे. नेहमी जेवढे क्रेट नेता तेवढे भरा, ड्रायव्हर आणि सोबतचा दोघं आत बसवा, मागच्या टायरची हवा भरलेल्या वजनाची ठेवा, आणि मग वर सांगितलं तसं. रिकामी असताना उजेड जवळ पडेल, पण तुमचा परतीचा प्रवास उजाडल्यावरचा आहे, चालेल. स्क्रू फिरवायच्या आधी रिकाम्या गाडीची आत्ताची रेघ भिंतीवर ऑइल पेंटनं मारून ठेवा, खडू नको. एप्रिलमध्ये माल संपला की परत त्याच रेघेवर आणता येईल.